पाऊण डॉलर आणि अर्धा सेकंद : आपल्या लिनक्स सर्व्हरची राखण कशी करावी

१९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. म्हणजे पाऊण डॉलर. कुणीही 'चुकलं असेल कुठेतरी' म्हणून सोडून दिली असती. पण ते काम आलं क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाकडे, आणि तो त्या पाऊण डॉलरचा माग काढत पश्चिम जर्मनीतल्या मार्कुस हेसपर्यंत पोचला. अमेरिकी लष्करी संगणकांतली माहिती केजीबीला विकणाऱ्या टोळीतला हा माणूस.

आता २०२४ चा मार्च. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या डेबियन लिनक्सच्या चाचणी-यंत्रावर एसएसएच लॉगिनला (म्हणजे दुरून सुरक्षितपणे आत शिरायला) नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तो खणत गेला, आणि २९ मार्चला जगाला कळलं की एक्सझेड या साध्यासुध्या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरवाट ठेवली होती.

दोघांचाही मूळ धंदा सुरक्षेचा नव्हता. आपलं यंत्र रोज कसं वागतं एवढं मात्र दोघांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून घुसखोर पकडणं आणि सर्व्हर धडधाकट ठेवणं ही मी वेगळी कामं मानत नाही. दोन्हीला लागते ती 'नेहमीचं काय' याची नोंद.

हा लेख एकट्याने सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. समोर धरलाय तो डेबियन १२ किंवा उबुंटू असलेला भाड्याचा व्हीपीएस (आभासी सर्व्हर), त्यावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, एखादा डेटाबेस आणि दोन-चार डॉकर कंटेनर (अ‍ॅप चालवायचे वेगळे कप्पे). कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

पहिली पायरी : घड्याळ

सगळ्यात कंटाळवाणं काम आधी उरकू. घड्याळ चुकीचं असेल तर पुढे कुठलाही लॉग (घडामोडींची नोंद) दुसऱ्या लॉगशी जुळणार नाही. घड्याळ जुळवत ठेवणारं क्रोनी बसवा आणि 'टाइमडेटसीटीएल' चालवून वेळ जुळलेली आहे ना ते बघा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवायचा की भारतीय वेळेवर, हा वाद मी घालत नाही, पण सगळी यंत्रं एकाच वेळेवर ठेवा. एक सर्व्हर यूटीसीवर आणि दुसरा साडेपाच तास पुढे असेल, तर रात्री तीनला झोपमोड झाल्यावर ती वजाबाकी हमखास चुकते.

दुसरी पायरी : 'नेहमीचं' वहीत उतरवा

सर्व्हर नवा आणि स्वच्छ असतानाच हे करायचं. एक छोटी स्क्रिप्ट लिहा, जी पुढच्या गोष्टी एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरवेल :

– कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय. 'एसएस' कमांडला टी, यू, एल, एन, पी हे पर्याय लावले की यादी मिळते.
– पासवर्ड फाइलमधली सगळी खाती. त्यातही ज्यांचा यूआयडी (वापरकर्ता क्रमांक) शून्य आहे ती, आणि ज्यांना खरी शेल आहे (कमांड चालवता येतात) ती वेगळी काढा. शून्य यूआयडीचं खातं रूट (सर्वाधिकारी) हे एकच हवं.
– प्रत्येक वापरकर्त्याच्या 'ऑथोराइज्ड कीज' फाइलचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा.
– सगळे क्रॉन आणि सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीचे सगळे टायमर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं. नुसत्या रूटच्या क्रॉनटॅबवर थांबू नका, 'क्रॉन डॉट डी' फोल्डर आणि स्पूलमधली प्रत्येकाची फाइलही घ्या.
– एसयूआयडी बिट असलेल्या, म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या, फाइली.
– बसवलेल्या पॅकेजांची यादी.

ही स्क्रिप्ट रोज चालवा, कालच्या फाइलशी 'डिफ' करा, आणि फरक असेल तरच मेल पाठवा. फाइली गिटमध्ये ठेवल्या तर इतिहास आपोआप मिळतो, फक्त ती रिपॉझिटरी दुसऱ्या यंत्रावर हवी. सबंध लेखातली ही एकच पायरी केलीत तरी बरंच काही हाती लागेल. महागडी साधनं हेच काम जरा सुबक पडद्यावर दाखवतात.

याच वहीत काही आकडेही लिहा : सकाळी अकराला आणि रात्री दोनला लोड किती असतो, मेमरी किती मोकळी असते, बॅकअपची फाइल किती मोठी होते, रात्रीचं बॅकअप किती मिनिटांत संपतं. आणि फ्रॉइंडची आठवण म्हणून, आपल्या लॅपटॉपवरून 'टाइम' लावून एसएसएचने सर्व्हरवर नुसतं 'ट्रू' चालवायला किती वेळ लागतो तेही.

आतली यादी मात्र पुरत नाही. बाहेरच्या यंत्रावरून 'एनमॅप'ने आपल्याच सर्व्हरचे पोर्ट तपासा. हा धडा मी फी भरून शिकलो. यूएफडब्ल्यू हे फायरवॉल लावलेलं होतं, फक्त २२, ८० आणि ४४३ उघडे, आणि मी निर्धास्त. पण डॉकरने पोर्ट बाहेर काढला की तो स्वतःचे आयपीटेबल्सचे (कर्नलच्या फायरवॉलचे) नियम लिहितो, आणि ती रहदारी यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत येतच नाही. पुढच्या दाराला भक्कम अडसर आणि परसदार सताड उघडं, असा प्रकार. माझा रेडिस हा डेटाबेस ६३७९ या पोर्टवर जगाला खुला होता, आणि डॉकरच्या अधिकृत इमेजमध्ये रेडिसचा संरक्षित मोड बंदच असतो. आठवड्याभरात सीपीयू १०० टक्क्यांवर गेला आणि यादीत 'केडेवटीएमपीएफएसआय' नावाची प्रोसेस दिसली. कर्नलच्या खऱ्या धाग्याचं (थ्रेडचं) नाव 'केडेवटीएमपीएफएस', शेवटचा 'आय' चोराने चिकटवलेला. माझ्या विजेवर नाही, पण माझ्या भाड्यावर कुणीतरी आभासी नाणी (क्रिप्टोकरन्सी) खणत होतं.

उपाय एका ओळीचा आहे. डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे तो यंत्राच्या बाहेर जात नाही. डेटाबेसचे पोर्ट तर मुळात प्रकाशित करूच नका, कंटेनर आपापसांत डॉकरच्या नेटवर्कवर बोलतात.

तिसरी पायरी : एसएसएचचं दार

पासवर्डऐवजी की (किल्लीची फाइल) वापरा, पासवर्डने लॉगिन बंद करा, रूटचं थेट लॉगिन बंद करा. हे सगळेच सांगतात. कमी लोक सांगतात ते असं : सेटिंग लिहिलं म्हणजे लागू झालं असं नसतं. एसएसएचडीच्या (सर्व्हरवरच्या एसएसएच सेवेच्या) कॉन्फिगमध्ये एकच सेटिंग दोनदा आलं तर पहिलं ग्राह्य धरलं जातं. डेबियन-उबुंटूत वरच एक 'इन्क्लूड' ओळ असते, जी कॉन्फिगच्या उपफोल्डरातल्या फाइली आधी ओढून घेते. काही क्लाउड इमेजमध्ये तिथे यंत्राची पहिली मांडणी करणाऱ्या क्लाउड-इनिटची फाइल बसलेली असते आणि तीत पासवर्ड लॉगिन चालू असतं. तुम्ही खाली कितीही ठळक 'नो' लिहा, उपयोग शून्य. म्हणून 'एसएसएचडी'ला मोठ्या लिपीतला टी हा पर्याय देऊन प्रत्यक्ष लागू असलेली सेटिंगं छापून बघा. आणि हे करताना दुसऱ्या खिडकीत एक सेशन उघडं ठेवा, नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर उभं राहायची वेळ येते.

वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्यांवर बंदी घालणारा फेलटूबॅन लावा, पण तो खरोखर काम करतोय का ते तपासा. डेबियन १२ मध्ये लॉग फाइलींत लिहिणारा आरसिसलॉग मुळात बसवलेला नसतो, त्यामुळे फेलटूबॅन शोधतो ती ऑथ लॉगची फाइलच नसते. बॅकएंडला 'सिस्टमडी' लिहावं लागतं. शिवाय ओपनएसएसएच ९.८ पासून बऱ्याच नोंदी 'एसएसएचडी' ऐवजी 'एसएसएचडी-सेशन' या नावाने पडतात, तेव्हा जुने फिल्टर आंधळे होऊ शकतात. मोबाइलच्या नेटवरून मुद्दाम पाच वेळा चुकीचं लॉगिन करून बंदी येते का बघा.

पोर्ट २२ बदलावा का? लॉगमधला कचरा कमी होतो एवढं खरं. सुरक्षा वाढली असं मात्र समजू नका.

फसलेल्या प्रयत्नांच्या आकड्यांवर नजर खिळवून बसण्यात फार अर्थ नाही. ते रोज हजारोंनी होतात आणि होतच राहणार. बघायचं ते यशस्वी लॉगिन. सिस्टमडीच्या जर्नलमधल्या 'ॲक्सेप्टेड'ने सुरू होणाऱ्या ओळी दिवसाला पाच-दहाच असतात, आणि त्यातली प्रत्येक ओळ कुणाची हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. लॉगिन तपासणाऱ्या पॅम या व्यवस्थेच्या सेशन टप्प्यावर एक स्क्रिप्ट अडकवून प्रत्येक लॉगिनचा संदेश फोनवर मागवा. आपण जेवायला बसलोय आणि आपल्याच नावाने लॉगिन झाल्याचा संदेश आला, तर घास तिथेच थांबतो.

चौथी पायरी : लॉग घराबाहेर

रूट मिळालेला माणूस लॉग पुसू शकतो. 'लास्ट' कमांड वाचते ती लॉगिनांच्या नोंदीची डब्ल्यूटीएमपी फाइलही त्याच्याच हातात. स्टॉलने यावर केलेला उपाय मला आजही आवडतो : त्याने बाहेरून येणाऱ्या लाइनींवर प्रिंटर जोडले. कागदावर उमटलेलं दूर बसलेल्या घुसखोराला खोडता येत नाही.

आपला प्रिंटर म्हणजे दुसरं यंत्र. सगळ्यात स्वस्त व्हीपीएस घ्या, शक्यतो दुसऱ्या कंपनीचा, आणि आरसिसलॉग बसवून टीएलएसवरून (सांकेतिक जोडणीवरून) लॉग तिकडे पाठवा. त्या यंत्राचा पासवर्ड किंवा की मूळ सर्व्हरवर कधीही ठेवू नका. सर्व्हरला लॉग फक्त ढकलता यावेत, वाचता किंवा खोडता येऊ नयेत.

भारतात व्यवसाय करणाऱ्यांसाठी इथे कायदाही येतो. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आहेत. जर्नलडीवर (सिस्टमडीच्या लॉग-सेवेवर) विसंबून हे जमेलच असं नाही. तो मुळात डिस्कच्या दहा टक्के, आणि जास्तीत जास्त ४ जीबी, एवढीच जागा वापरतो. जुनं गुपचूप गळून जातं.

पाचवी पायरी : फाइलींची खानेसुमारी

पर्ड्यू विद्यापीठात १९९२ साली जीन किम आणि जीन स्पॅफर्ड यांनी ट्रिपवायर बनवलं. कल्पना सोपी : महत्त्वाच्या प्रत्येक फाइलचा ठसा घेऊन ठेवायचा आणि नंतर पडताळायचा. आज आपल्यासाठी एड हे मुक्त साधन तेच काम करतं. पॅकेज बसवा, 'एडइनिट' चालवा, तयार झालेल्या डेटाबेसची एक प्रत लगेच दुसऱ्या यंत्रावर न्या. रोज रात्री तपासणी लावा.

बहुतेक जण इथेच हरतात. पहिल्या अपडेटनंतर आठशे बदललेल्या फाइलींचा मेल येतो, दुसऱ्यांदा पुन्हा येतो, आणि तिसऱ्यांदा तो न वाचता उडवला जातो. म्हणून क्रम ठरवून घ्या : अपडेटच्या आधी तपासणी, ती स्वच्छ असेल तर अपडेट, आणि लगेच नवा डेटाबेस. लॉग, कॅशे आणि डॉकरचं डेटा फोल्डर सुरुवातीलाच वगळा. दिवसाला पाच ओळींहून मोठा अहवाल येत असेल तर नियम कापत राहा. माणूस वाचेल तेवढाच अहवाल कामाचा.

मधूनमधून 'डेबसम्स' चालवला की पॅकेजांतून आलेल्या बायनरी मूळच्याच आहेत का कळतं. चेकरूटकिट आणि आरकेहंटर या रूटकिट (घुसखोराला लपवणारा प्रोग्राम) शोधणाऱ्या साधनांवर माझा फारसा भरवसा नाही. खोट्या हाका बऱ्याच देतात, आणि कर्नलमध्ये बसलेला रूटकिट त्यांनाही खोटंच सांगतो.

कोणी काय केलं याची कर्नलकडून नोंद घेणाऱ्या ऑडिटडीचे लांबलचक तयार नियम उतरवून घेण्यापेक्षा दोनच गोष्टींनी सुरुवात करा. एक, पासवर्ड, शॅडो, सुडोअर्स आणि सिस्टमडीच्या युनिट फोल्डरांवर लिहिण्याची नोंद. दोन, वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याने, म्हणजे डेबियनवर यूआयडी ३३ ने, चालवलेला प्रत्येक प्रोग्राम 'एक्झेकव्हीई' या सिस्टम कॉलवर नोंदवायचा. पीएचपीची साधी साइट सहसा शेल उघडत नाही. तिच्या नावावर 'एसएच', 'कर्ल' किंवा 'डब्ल्यूगेट' दिसलं, तर कुणीतरी अपलोड फोल्डरात वेबशेल (ब्राउझरमधून कमांड चालवू देणारी फाइल) टाकलंय असं धरून चाला. वेब सर्व्हर कंटेनरमध्ये असेल तर आतला यूआयडी वेगळा असू शकतो, अल्पाइनवरच्या पीएचपी इमेजमध्ये तो ८२ असतो.

सहावी पायरी : सर्व्हर उभा राहावा म्हणून

घुसखोरांनी पाडलेल्या सर्व्हरपेक्षा भरलेल्या डिस्कने पाडलेले सर्व्हर मी कितीतरी जास्त पाहिलेत. 'डीएफ'ला एच लावून जागा बघा आणि आय लावून आयनोडही (फाइलींच्या नोंदींचे कप्पे) बघा. पीएचपीच्या सेशन फाइलींनी आयनोड संपतात, तेव्हा तीस जीबी मोकळी दिसत असूनही 'जागा नाही' असा संदेश येतो. मोठा लॉग खोडूनही जागा सुटली नाही, तर तो अजून कुणीतरी उघडा धरून ठेवलेला असतो. 'एलएसओएफ'ला अधिक चिन्ह, मोठा एल आणि १ दिलं की धरणारा सापडतो, आणि ती सेवा पुन्हा सुरू केली की जागा मोकळी होते.

मेमरी बघताना 'फ्री'मधला 'अव्हेलेबल' रकाना बघा, शेजारच्या 'फ्री' रकान्याने घाबरू नका. डेटाबेस रात्री आपोआप मेला असेल तर कर्नलच्या जर्नलमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. भाड्याच्या यंत्रावर 'व्हीएमस्टॅट'चा 'एसटी' रकाना वाढलेला असेल, तर शेजारचा भाडेकरू तुमचा सीपीयू खातोय. तिथे तुमच्या कोडची काही चूक नाही, कंपनीला लिहा. स्वतःची डिस्क असलेल्यांनी 'स्मार्टसीटीएल'मध्ये खराब सेक्टरांचे ५, १९७ आणि १९८ हे क्रमांक बघावेत. शून्यावरून हलले की नव्या डिस्कची ऑर्डर.

लेट्स एन्क्रिप्टची (मोफत मिळणारी) एचटीटीपीएस प्रमाणपत्रं संपत आल्याची मेल यायची, ती ४ जून २०२५ पासून बंद झाली. 'मेल येईल की' या भरवशावर अजून कुणी असेल, तर आजच बाहेरून तपासणी लावा. अपटाइम कुमा हे साधन त्यासाठी पुरेसं आहे, पण ते दुसऱ्या यंत्रावर बसवा. आणि नुसता २०० हा 'ठीक आहे' सांगणारा कोड बघू नका. पानावर एखादा ठरावीक शब्द आहे का ते तपासायला सांगा, कारण डेटाबेस पडलेला असतानाही कोरं पान २०० देतं.

बॅकअपबद्दल गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर उडवलं. मग बॅकअप शोधू लागले तर पीजीडंप हा डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्राम कधीचा अपयशी ठरत होता, कारण डेटाबेस ९.६ आणि डंपचं साधन ९.२ आवृत्तीचं. अपयशाचे मेल निघत होते, पण डीमार्क या मेल पाठवणाऱ्याच्या खरेपणाच्या तपासणीत अडकून पोचतच नव्हते. सुदैवाने सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट कुणीतरी हाताने घेतलेला होता. आणि हे सगळं त्या कंपनीने स्वतःहून जाहीर केलं, त्याचं कौतुक वाटतं.

यातून घ्यायचं ते असं : 'बिघडलं तर कळव' अशी व्यवस्था बिघाडातच मरते. उलट करा. बॅकअप यशस्वी झालं की स्क्रिप्टने दुसऱ्या यंत्राला एक हाक द्यायची, आणि सकाळी सहापर्यंत हाक आली नाही की त्या यंत्राने तुम्हाला उठवायचं. बॅकअप रेस्टिक किंवा बोर्ग या साधनाने घ्या, आणि सर्व्हरला जुनी बॅकअप खोडता येणार नाहीत अशा फक्त-भर मोडमध्ये ठेवा. महिन्यातून एकदा ते कोऱ्या यंत्रावर उतरवून साइट प्रत्यक्ष उघडून बघा. या कामाला मला दीड तास लागतो आणि दर वेळी काहीतरी राहिलेलं सापडतंच. मागच्या खेपेला पर्यावरण-चलांची (अ‍ॅपच्या पासवर्ड-सेटिंगांची) फाइलच बॅकअपात नव्हती.

सूचनांचे दोनच वर्ग करा. साइट बंद, अनोळखी लॉगिन, बॅकअपची हाक नाही, डिस्क ९० टक्क्यांवर : एवढ्यांना फोन वाजवायची परवानगी. बाकी सगळं सकाळच्या एका मेलमध्ये, चहाबरोबर वाचायला.

सातवी पायरी : काहीतरी सापडलंच तर

रीबूट करू नका. मेमरीत असलेला पुरावा त्याने जातो. आधी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पॅनलवरून स्नॅपशॉट घ्या, शक्य असेल तर मेमरीसकट. मग पॅनलमधल्याच फायरवॉलने तुमचा आयपी सोडून सगळं बंद करा. यंत्राच्या आतल्या फायरवॉलवर आता विश्वास नाही. घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा, कारण सर्ट-इनला कळवायची मुदत घटना लक्षात आल्यापासून सहा तासांची आहे, आणि ते तास फार भरभर जातात.

मग बघा, पण दुरुस्त करू नका. प्रॉक फोल्डरात प्रत्येक प्रोसेसची 'एक्सई' लिंक असते. तिच्यापुढे 'डिलीटेड' दिसलं, किंवा ती 'टीएमपी' वा 'डेव्ह एसएचएम' फोल्डराकडे जात असेल, तर ती प्रोसेस संशयित. अपडेटनंतर पुन्हा सुरू न केलेल्या सेवाही 'डिलीटेड' दाखवतात, तेव्हा नाव बघून ठरवा. चौकोनी कंसातलं नाव घेऊन कर्नलचा धागा असल्याचं सोंग करणाऱ्याला ही लिंक वाचता येत असेल, तर तो तोतया, खऱ्या कर्नल धाग्यामागे अशी फाइल नसते. 'ईटीसी' फोल्डरात 'एलडी डॉट एसओ डॉट प्रीलोड' ही फाइल दिसली तर 'एलएस' आणि 'पीएस' तुमच्याशी खोटं बोलत असण्याची दाट शक्यता आहे. आणि अर्थात, दुसऱ्या पायरीतली वही काढून आजच्या यादीशी ताडून बघा.

घुसखोर कुठून आला हे कळेपर्यंतच हा तपास. त्याने ठेवलेल्या सगळ्या गोष्टी शोधून यंत्र 'साफ' करायच्या भानगडीत पडू नका. रूटपर्यंत पोचलेल्या माणसाने किती ठिकाणी किल्ल्या पुरून ठेवल्यात ते कधीच पूर्ण कळत नाही. नवं यंत्र घ्या, घुसखोरीच्या आधीच्या बॅकअपमधून फक्त डेटा उतरवा, आणि अ‍ॅपचा कोड गिटमधून आणा. डेटाबेसमधली ॲडमिन खाती एकेक करून तपासा, कारण चोर तिथेही नावनोंदणी करून जातो. एसएसएचच्या की, डेटाबेसचे पासवर्ड, पेमेंट गेटवेचे आणि मेलचे टोकन, त्या यंत्रावर होतं नव्हतं ते सगळं बदला. ज्या वाटेने तो आला ती नव्या यंत्रावर बंद आहे ना, ते बाहेरून एनमॅप लावून बघा.

डीएनएस नव्या यंत्राकडे वळवण्याच्या आधी, ते अजून कोरं आणि रिकामं असताना, वहीची स्क्रिप्ट एकदा चालवून पहिली नोंद घेऊन ठेवा.